आसनाची ऊब

"हात ठेवा, हात ठेवा! लागली ऊब? लागली ना? मग उचला हात, मागे माणसं खोळंबलीत. पुढचे या! संशय चपलांपाशी काढून ठेवा आणि मगच आत या. गुरुजी कुठेही गेलेले नाहीत, गुरुजी बसलेले आहेत!"

खोली गोदामाच्या वरच्या मजल्यावरची. एरवी मूठभर माणसं मांडीला मांडी लावून बसली की भरून जायची. आता जिन्यावर माणसं, जिन्याखाली माणसं, गोदामातल्या खोक्यांवर माणसं, आणि रांगेचं शेपूट रस्ता ओलांडून पलीकडच्या सलूनपर्यंत गेलेलं. गिऱ्हाइकाला दारातून आत शिरता येत नाही म्हणून सलूनवाल्याने आधी बरीच कुरकुर केली. मग शहाणा झाला आणि रांगेत उभ्या असलेल्यांची उभ्या उभ्याच दाढी करून देऊ लागला.

एवढी माणसं बघायला यायची ती एक लाकडी बैठक. तिच्यावर एक करडं लोकरी कांबळं अंथरलेलं. त्या कांबळ्यावर कोणीही नव्हतं. ज्यांचं ते आसन, ते गुरुजी वारून कित्येक महिने झाले होते. पण कांबळ्यावर तळहात ठेवला की ऊब लागायची. शेजारचा माणूस नुकताच उठून गेल्यावर त्याची खुर्ची लागते ना, अगदी तशी. भल्याभल्यांचे डोळे भरून यायचे.

गुरुजी हयात असताना म्हणायचे, "पायाने काय पाप केलंय? डोकं पवित्र आणि पाय अपवित्र, हा भेद देहाला माहीत नाही." माइकवाल्यांनी त्यावरून नियमच काढला, की ज्याचं जे दुखतं ते त्याने आसनाला लावावं. त्यामुळे कोणी गुडघा टेकायचं, कोणी कान, कोणी सुजलेला गाल. एकदा एक सभ्य गृहस्थ पाठ फिरवून आसनावर टेकू लागले.

"अहो, अहो! हे काय करताय?" माइकवाले ओरडले.

"मूळव्याध आहे," गृहस्थ हळूच म्हणाले. माइक तोंडासमोरच होता. मूळव्याध पार सलूनपर्यंत ऐकू गेली.

हे माइकवाले म्हणजे गुरुजींच्या खोलीची देखभाल करणारे गृहस्थ. पूर्वी ते गाडीवर भोंगे बांधून कपड्यांच्या सेलची जाहिरात करत गावभर फिरायचे. तो धंदा बसला तेव्हा गुरुजींनी त्यांना मागची खोली राहायला दिली. सेलची सवय मात्र जिभेवरून गेली नव्हती. दर्शन बंद व्हायची वेळ आली, की "शेवटची संधी! शेवटची संधी!" म्हणताना त्यांचा आवाज चढायचा तो अस्सा, की माणसाला वाटावं, आता ऊबही अर्ध्या किमतीत देणार.

आसनाच्या बाजूला स्टुलावर गुरुजींची धाकटी बहीण बसलेली असायची. शिष्य स्वतःला गुरुजींची लेकरं म्हणवून घेत, म्हणून ती सगळ्यांची आत्याबाई. तिला तिथे बसवलं होतं माइकवाल्यांनीच. "आत्याबाई, तुम्ही नुसत्या बसा. तुम्हाला बघितलं तरी लोकांना धीर येतो." खरं म्हणजे धीर तिलाच हवा होता.

भाऊ गेल्यापासून तिचं बूड कुठे टिकत नव्हतं. ती शिवणकामाचा वर्ग चालवायची. मुलींना काज शिकवता शिकवता मध्येच उठायची, दारापर्यंत जायची, आणि आपण कशाला आलो ते न आठवून परत यायची. मशीनला अर्धा दोरा ओवलेला, चहा अर्धा प्यालेला, बोलणं अर्धं बोललेलं. अंथरुणात पडली तरी पायांना चालायचं असायचं. एकाच ठिकाणी जीव शांत व्हायचा. दिवसातून एकदा त्या कांबळ्यावर तळहात ठेवला, की तिला वाटायचं, दादा आहे. इथेच आहे. आत्ताच पाणी प्यायला उठलाय.

हा दादा मूळचा शाळेत भूगोलाचा मास्तर. एकदा तो फळ्यावर जगाचा नकाशा काढत होता, तेव्हा वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "सर, यात तुम्ही कुठे आहात?" दादाने खडूने एक ठिपका काढला. ठिपक्याकडे बघत राहिला. तास संपला, शाळा सुटली, शिपाई कुलूप लावायला आला, तरी बघत राहिला. त्या दिवशी जे काही त्याच्या डोक्यात शिरलं ते पुन्हा बाहेर पडलं नाही. वर्षभरात नोकरी सोडून तो 'मी कोण' ते शोधायला बाहेर पडला. आई म्हणाली, "आरशात बघ की मेल्या!" पण तो गेला.

पहिल्या गुरूने मौन दिलं. दादा महिनोन्महिने गप्प राहिला आणि मग त्याच्या लक्षात आलं, की गुरूच झोपेत अखंड बडबडतो. दुसऱ्याने सांगितलं, ध्यानात भुवयांमध्ये प्रकाश दिसेल. दिसला. पण डोळे जोरात मिटले की तो न्हाव्याच्या खुर्चीतही दिसतो, हे कळल्यावर दादाने तोही आश्रम सोडला. तिसरा गुरू नुसती हवा खाऊन राहायचा. त्याच्या कुटीमागे केळ्याच्या सालींचा ढीग सापडला. ही गोष्ट सांगताना सगळे हसायचे. दादा हसायचा नाही. "तो माणूस आधी भुकेला होता," तो म्हणायचा, "खोटारडा नंतर झाला."

चौथे एक म्हातारे वेदान्ती होते. त्यांच्यापाशी तो खूप वर्षं राहिला, कारण ते काहीच दाखवत नव्हते, फक्त प्रश्न विचारत होते. शेवटच्या आजारात ते दादाला म्हणाले, "मला पुरतं कळलं नाही. तू बघ." दादाला हे वाक्य सगळ्या दीक्षांपेक्षा मोठं वाटलं. तो परत आला तेव्हा बहिणीने विचारलं, "मग? काय मिळालं?"

"सगळीकडे बसायला जागा मिळाली," तो म्हणाला. "पाठ तेवढी कामातून गेली."

मग गोदामावरच्या खोलीत माणसं त्याच्याकडे येऊ लागली. तो त्यांना भस्म देत नसे, मंत्र देत नसे. सकाळी सगळ्यांबरोबर बसायचा, प्रश्न विचारायचा, आणि उठताना एवढंच म्हणायचा, "पटलं? इतक्यात पटू देऊ नका. घरी जाऊन तपासा." पाठ मात्र शेवटपर्यंत दुखत राहिली. झोपताना पाठ शेकत जा, असं आत्याबाईने बजावलं, की तो "हो हो" म्हणायचा आणि आपल्याला हवं तेच करायचा.

तो गेला तो आसनावरच. सकाळी सगळे डोळे मिटून बसले होते. कोणाला काही कळलं नाही. मान खाली गेलेली बघून शिष्यांना वाटलं, ध्यान लागलं. मग धावाधाव झाली, दवाखाना झाला, पुढचं सगळं झालं. संध्याकाळी आत्याबाई त्याचा चष्मा न्यायला त्या खोलीत आली. कांबळ्यावर त्याच्या बसण्याचा खळगा तसाच होता. तिने त्यात हात ठेवला, आणि तिच्या तोंडून किंकाळीच फुटली.

"दादा आत्ताच उठून गेलाय! आसन गरम आहे हो!"

दारात माइकवाले उभे होते. पुढचं सांगायला नको. कानोकानी गेलेल्या बातमीला पाय फुटायला वेळ लागत नाही, आणि इथे तर पायांबरोबर भोंगाही होता. पाठोपाठ नियम आला, की आसन हलवायचं नाही, कांबळं उचलायचं नाही, झटकायचंसुद्धा नाही. गुरुजी बसलेत, त्यांना उठवणार का?

*

आत्याबाईच्या घरात या सगळ्याला न भुललेला माणूस एकच होता, तिचा नवरा. त्याचं घड्याळदुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं. सगळे त्याला घड्याळजी म्हणत. मेव्हण्याशी त्याची जन्मभराची थट्टा. "तुझा भाऊ काळाच्या पलीकडचं शोधत फिरला," तो बायकोला म्हणायचा, "आणि मी काळाचा मळ काढत बसलो. पोट माझंच भरलं." पण मेव्हणा गेला तेव्हा दुकानाची फळी वर करायला त्याचे हात उठेनात, हेही आत्याबाईने पाहिलं होतं.

वीज गेली की माइक बंद पडायचा. आणि नेमकी तेव्हाच गुरुजींची विश्रांतीची वेळ व्हायची. माइकवाले दोन्ही हात पसरून दारात उभे राहायचे. "गुरुजी पहुडलेत, नंतर या."

"जिवंत होता तेव्हा अंधारातही दोन-दोन तास बोलायचा," घड्याळजी म्हणाला. "मेल्यापासून फारच नाजूक झालाय गं तुझा भाऊ."

आत्याबाई त्याच्याशी त्या दिवसभर बोलली नाही.

घड्याळजीला साखरेचा आजार होता, जुना. औषधं घेत होता, पण पायांची जाण गेली होती. चपलेत खडा असला तरी कळायचं नाही, लादी गार की गरम ते समजायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, रोज तळवे बघा, अनवाणी फिरू नका, पायाला शेक देऊ नका. आत्याबाईला सगळं ठाऊक होतं. तरी एक दिवस ती म्हणाली, "अहो, एकदा पाय ठेवून बघा ना आसनावर."

"माझे पाय? त्याच्या आसनावर? हयात असता तर गुदगुल्या केल्या असत्या त्याने."

"माझ्यासाठी."

घड्याळजीने डोळ्याला लावलेलं भिंग काढलं आणि तिच्याकडे पाहिलं. ही बाई किती दिवसांत नीट झोपलेली नाही, हे त्याला कळत होतं. "तुझ्यासाठी ठेवतो," तो म्हणाला. "त्याच्यासाठी नाही."

गर्दी ओसरल्यावर दोघं गेली. माइकवाल्यांनी अगत्याने खुर्ची दिली. "घरची माणसं तुम्ही. हवा तेवढा वेळ ठेवा." घड्याळजीने मोजा काढून उजवा पाय कांबळ्यावर टेकला.

"अगं, काही लागत नाही बरं का. ना गार, ना गरम."

"थांबा जरा. उतावीळपणा नको."

तिने स्वतःचा हात आसनाच्या कडेला ठेवला, डोळे मिटले, आणि कितीतरी दिवसांनी तिची आतली तगमग थांबली. नवराही खुर्चीत पेंगला. किती वेळ गेला ते दोघांनाही समजलं नाही. हा सगळा वेळ तो पाय तिथेच होता.

दुसऱ्या दिवशी मोजा ओला लागला म्हणून घड्याळजीने काढून बघितला, तर तळव्यावर लिंबाएवढा फोड.

माइकवाल्यांच्या कानावर गेलं मात्र, लगेच भोंगा सुरू झाला. "गुरुजींनी मेव्हण्याच्या पायावर मुद्रा उमटवली! ज्याला संशय असेल त्याने डोळ्यांनी बघावी!" बघायला दुकानात रीघ लागली. घड्याळजी भिंग लावून बसलेला आणि स्टुलावर त्याचा उजवा पाय. "अहो, कोणी घड्याळही आणा अधूनमधून," तो म्हणायचा. आत्याबाईला कळत होतं, की हे बरं नव्हे. पण लोक इतक्या भक्तीने बघत होते, आणि दादाने घरच्याच माणसाला खूण दिली या विचाराने तिचा ऊर असा भरून यायचा, की ती दोन दिवस गप्प राहिली. एका बाईने तर वाकून त्या तळव्यावर कपाळच टेकलं. फोड फुटला तो असा.

मग ताप आला. फोडाच्या कडा काळ्या पडल्या, बोटांपाशी वास येऊ लागला. आत्याबाईने रिक्षा बोलावली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आणि तोंडाने फटकळ. त्यांनी पाय उचलून बघितला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काकू, हे भाजलंय."

"नाही हो, ते..."

"भाजलंय. कशाने? हीटर? गरम पाण्याची पिशवी? मी घसा कोरडा करून सांगते, साखरेच्या माणसाला शेक द्यायचा नाही. याला कळत नाही भाजतंय ते!"

पलंगावरून घड्याळजीच म्हणाला, "माझ्या मेव्हण्याच्या आसनावर ठेवला होता. गुरू आहे तो. वारलाय."

डॉक्टरीणबाईंनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. त्या ओरडल्या नाहीत. उलट आवाज खाली आला.

"गेलेल्या माणसाला ऊब नसते, काकू. ऊब कशाची तरी असते. ही कशाची होती?"

"पाय वाचेल का?"

"दोन बोटांची खात्री देत नाही. पायासाठी जेवढं होईल तेवढं करू. आज आला नसतात तर तेवढंही नसतं."

बाहेरच्या बाकावर आत्याबाई बसली, उठली, पुन्हा बसली. कशाची होती? हा प्रश्न तर दादाचा होता. आयुष्यभर तो हाच विचारत फिरला. मौन कशाचं, प्रकाश कशाचा, हवा खाऊन राहणं कशाचं. सालींचा ढीग दिसेपर्यंत त्याने शोधलं. आणि त्याच्याच आसनाला आपण हे विचारलं नाही. का नाही विचारलं? उत्तर मिळालं असतं म्हणून. तिला वीज गेलेले दिवस आठवले, माइकवाल्यांचे पसरलेले हात आठवले, आणि आणखी एक गोष्ट आठवली तशी ती ताडकन उठली.

*

ती पोचली तेव्हा दर्शन रंगात आलं होतं. "आत्याबाई आल्या! वाट द्या! ज्यांच्या यजमानांच्या पायावर प्रत्यक्ष मुद्रा..."

आत्याबाई सरळ आसनापाशी गेली आणि तिने कांबळ्याचं टोक धरलं.

"आत्याबाई! आसन उचलायचं नसतं!"

"कोण म्हणालं?"

"परंपरा आहे."

"माझा भाऊ जाऊन वर्ष झालेलं नाही. परंपरा कधी जन्माला आली?" तिने कांबळं ओढलं.

कांबळ्याची खालची बाजू करपून तपकिरी झाली होती. जळक्या लोकरीचा वास खोलीभर पसरला. खाली दोन जाडजूड, नवे हीटिंग पॅड होते. पाठ शेकायला मिळतात ते, विजेवरचे. आणि त्या दोघांच्या खाली तिसरा, जुना, पातळ, निळ्या पट्ट्यांच्या सुती अभ्र्यातला. अभ्रा तिनेच शिवला होता. तो पॅड दादाच्या पाठीसाठी तिनेच आणला होता, आपोआप बंद होणारा नव्हे, साधा. आणि रबर अंगाला चिकटतं म्हणून वर्गात उरलेल्या कापडाचा अभ्रा घालून दिला होता. दवाखान्याच्या बाकावर आठवेपर्यंत ती समजत होती, तो अंथरुणात असेल. दादाने तो गुपचूप आसनाखाली सारला होता. लाकडाला भोक पाडून वायर मागच्या खोलीत नेलेली होती.

म्हणजे ज्या सकाळी दादा गेला, त्या सकाळीही पॅड चालूच होता. त्याला उचलून नेलं, आणि आसनाला हात लावायचा नाही या आदरापोटी कोणी कांबळं हलवलं नाही. म्हणून संध्याकाळपर्यंत बटण बंद करायचं कोणाच्या मनातच आलं नाही.

"तुम्हाला केव्हापासून ठाऊक आहे?" तिने विचारलं.

हातातला माइक चालू आहे याचं माइकवाल्यांना भान राहिलं नाही. "त्याच संध्याकाळपासून," ते म्हणाले, आणि ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. "बटण माझ्याच खोलीत आहे. मी बंद करायलाच निघालो होतो, आत्याबाई, शपथ घेतो. पण तुम्ही ओरडलात, दादा आत्ताच उठून गेलाय. आणि तुम्ही अशा रडत होता की माझा हात मागे आला. म्हटलं, आज राहू दे. दुसऱ्या दिवशी शेजारचे बघायला आले. मग रांग आली. मग लोक म्हणायला लागले, आज ऊब कमी आहे, गुरुजी रागावलेत का? म्हणून मी दुसरा लावला. मग तिसरा. एकदा रांग लागल्यावर बंद कसं करायचं, ते मला कळेना."

एक बाई रडवेल्या आवाजात म्हणाली, "वायरीतून आली म्हणून काय झालं? ती शक्तीसुद्धा गुरुजींचीच!"

"मग बिल कोणाच्या नावावर येतं?" जिन्यातून सलूनवाल्याचा आवाज आला.

दोघं-तिघं हसली. एक जण मात्र आत्याबाईवरच खेकसला, "सख्खी बहीण असून तुम्हीच भावाची विटंबना करताय!" ते तिला लागलं.

"विटंबना झाली खरी," ती मग म्हणाली. "ती मी केली आणि या माइकवाल्यांनी केली. माझं रडणं खरं होतं. त्यावर त्यांनी दुकान थाटलं, पण दार मीच उघडून दिलं. माझ्या नवऱ्याचा पाय आत्ता दवाखान्यात आहे. तुम्ही ज्याला मुद्रा म्हणून हात जोडले, ते भाजलेलं आहे. त्याला कळलं नाही, कारण त्याचे पाय बधिर आहेत. मला कळायला हवं होतं. माझं तर काही बधिर नव्हतं."

ती मागच्या खोलीत गेली. वायर ओढल्याचा आवाज आला. परत येऊन ती तिन्ही पॅडवर कांबळं अंथरून आसनापाशी खाली बसली.

"आता हात ठेवा," ती म्हणाली. "ज्यांना ठेवायचा आहे त्यांनी. पण पटकन उचलायचा नाही. आणि माझं ऐकून काही पटवून घेऊ नका. बघा."

जवळच्यांनी हात ठेवले. तिने आपला ठेवला, अगदी त्या खळग्यात. बाकीचे बसले. माइकवाले भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी कधी माइक बंद केला ते कोणाच्या लक्षात आलं नाही. दादा गेल्यापासून त्या खोलीत माणसं अशी नुसती, गप्प बसली नव्हती.

ऊब आधी तशीच होती. मग कडेने उतरू लागली. आत्याबाईच्या बोटांना कळलं, मग तळव्याला. तिला वाटलं, उठावं, धावत जाऊन वायर पुन्हा लावावी, एकदाच, शेवटचं. तिचे पाय तसे हललेही. पण ती उठली नाही. हाताखालची लोकर कोमट झाली, मग नुसती लोकर झाली. दादा वारला होता. हे तिला इतके महिने सगळे सांगत होते. आत्ता ते तिच्या हाताला कळलं. ती रडली, मोठ्याने, आणि या वेळी त्यावर कोणी काही घोषणा केली नाही.

शेजारी बसलेली ती वायरीतल्या शक्तीवाली बाई हळूच म्हणाली, "गार झालं हो."

"हो," आत्याबाई म्हणाली. "गारच असतं."

*

घड्याळजीची दोन बोटं गेली, पाय वाचला. दुकानात तो पाय पुन्हा स्टुलावर असतो, पण आता पट्टी बांधलेला, आणि बघायला कोणी येत नाही. बायको रोज दोन्ही तळवे उजेडात धरून बघते. "तुझा भाऊ असता," तो म्हणतो, "तर म्हणाला असता, बोटं गेली ती मी होतो, की उरली ती मी आहे?" मग ती दुसरा तळवा उजेडात धरते.

माइकवाल्यांना पुष्कळांनी शिव्या घातल्या, आणि त्या त्यांनी मान खाली घालून ऐकल्या. एके दिवशी ते जुनी भोंग्याची गाडी घेऊन डॉक्टरीणबाईंच्या दारात उभे राहिले. आता ते गल्लीगल्लीतून फिरतात. "पाय दाखवा, पाय दाखवा! साखर असेल त्यांनी तळवे तपासून घ्या! शेक घेऊ नका, अंगारा लावू नका! शेवटची संधी!" डॉक्टरीणबाईंनी कितीदा सांगितलं, शेवटची संधी म्हणू नका, लोक घाबरतात. पण जिभेची सवय जाता जात नाही.

खोलीत सकाळी पुन्हा माणसं बसतात. पूर्वीसारखीच, मूठभर. बैठक रिकामी आहे, तिच्यावर कांबळं नाही. निळ्या अभ्र्यातला पॅड वायर कापून भिंतीवर खिळ्याला टांगला आहे. नवा माणूस आला की विचारतो, हे काय? मग आत्याबाई त्याला सगळी गोष्ट सांगते, स्वतःला न वगळता. तिची अस्वस्थता संपलेली नाही. पण ती आता दारापर्यंत जाऊन परत येत नाही. तिच्यापाशी विचारायला काहीतरी असतं, आणि ते ती विचारते.

गुरुजींना शेवटी काय सापडलं, हे कोणालाच माहीत नाही. ते असतं तरी आसनात साठून राहिलं नसतं, हे मात्र नक्की. ज्याचं माणूस गेलं आहे, ज्याचं अंग दुखतं आहे, त्याला ऊब हवीच असते, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण म्हणूनच तर कोणीतरी पॅड लावून बसलेलं असतं, कधी लबाडीने, कधी भिडेने. तेव्हा उद्या कुठे एखादं आसन गरम लागलं, तर खुशाल हात ठेवा. जोडायच्या आधी मात्र त्याच हाताने कांबळं उचला, आणि खाली काय आहे ते बघा.